दुसऱ्याचें मन जाणणें

शरीरास ज्वर आला असतां वैद्य नाडी पाहतो, औषध देतो आणि रोगी तें मुकाट्यानें घेतो. परंतु दुखणें मनाचें असेल तर? ‘तुझें चुकतें तें येथें’ असें दाखवून दिलें म्हणजे काम झालें, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटतें. अनुभव मात्र निराळा आहे.

अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) हे १९२८ पासून बारा वर्षें रॉचेस्टर शहरीं मुलांच्या मानसिक अडचणी सोडविण्याचें काम करीत होते. एक बुद्धिमान माता आपल्या व्रात्य मुलाविषयीं त्यांचेकडे येत असे. तिनें लहानपणीं मुलास दूर लोटलें, हेंच सर्वाचें मूळ, असें रॉजर्स यांनीं ठरविलें व अनेक भेटींत तें तिला पटविण्याचा यत्न केला. तो व्यर्थ गेला. अखेर भेटी थांबविण्याचें ठरलें. बाई दारापर्यंत गेली, मागें वळली आणि म्हणाली, ‘येथें मोठ्या माणसांसही मदत मिळते काय?’ होकार मिळतांच ती परत येऊन बसली आणि आपल्या संसारांतील दुःख सांगूं लागली. आतां तिचें ऐकून घेणें एवढेंच रॉजर्स यांचें काम उरलें होतें. खरा उपचार तेथून सुरू झाला, व तो सफलही झाला.

दुसऱ्याच्या दृष्टीनें त्याचें दुःख पाहण्याच्या या गुणास समानुभूति म्हणतात. ही दया नव्हे. दया वरून खालीं पाहते. मात्र दुसऱ्याच्या मनांत शिरतांना स्वतःस विसरावयाचें नसतें. बुडत्यास काढणारानें आपला पाय जमिनीवरून सुटूं देऊं नये. १९५७ सालीं रॉजर्स यांनीं समानुभूति, निरपेक्ष आदर व मनाचा खरेपणा या उपचारकाच्या अंगीं अवश्य असाव्यात असें प्रतिपादिलें. एवढ्यानेंच भागतें, हें त्यांचें मत सर्वांस मान्य नाहीं. तथापि ‘यांनीं मला ओळखलें’ असें ज्या रुग्णास वाटतें, त्यास बहुधा अधिक गुण येतो, असें पुढील संशोधनांत दिसून आलें आहे.

आम्ही कांहीं मानसोपचारतज्ज्ञ नव्हों. तरी नापास झालेला मुलगा प्रगतिपुस्तक घेऊन दारांत उभा राहतो, तेव्हां आमच्या ओठांवर प्रथम उपदेशच येतो. पालकहो, त्या वेळीं उपदेश घटकाभर आवरून त्यास आधीं बोलूं द्यावें. आणि विद्यार्थिमित्रहो, वर्गांत एकटा बसणारा सोबती तुमच्याकडून सल्ला नव्हे, तर ऐकणारे कान मागत असेल.