पाठलाग नको, बॉस!

वीकेण्डला लढाई खेळायचा मूड आहे? मग 'एम्पायर : टोटल वॉर' काढा. गेम २००९ चा, म्हणजे तसा जुनाच. पण त्यात मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. आपल्याला आणखी काय पाहिजे?

फक्त त्यावर 'डार्थमॉड' टाकायला विसरू नका. मॉड म्हणजे चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने गेममध्ये केलेले बदल. निक थोमाडिस या पठ्ठ्याने केलेला हा मॉड फुकट मिळतो (पुढे त्याने स्वतःची गेम कंपनीच काढली!). मॉड टाकला की पलटणी मोठ्या होतात, लढाई रंगते आणि समोरचा कम्प्युटर जरा डोकं चालवायला लागतो. मग तुम्हालाही चालवावं लागतं. टेकडी कोणाची, झाडीत कोणाला लपवायचं, तोफा कुठे लावायच्या... रात्रीचे दोन कधी वाजतात, कळतच नाही.

गेम सुरू होतो १७०० मध्ये. राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली, ते हे वर्ष. म्हणजे शिवाजी महाराजांची लढाई यात नाही. ती बघायची तर घराबाहेर पडा. कर्जतच्या पुढची खोपोली लोकल पकडा आणि तिथून पाली रस्त्याने खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाला जा. जवळच उंबरखिंड आहे.

२ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या वाटेने कोकणात उतरत होता. सोबत रायबागन ही सरदारीण. वाट अरुंद, दोन्हीकडे दाट जंगल आणि त्यात दबा धरून बसलेले मावळे. फौज खिंडीत पुरती शिरली आणि पुढची-मागची वाट बंद! एवढी मोठी फौज, पण तिला पसरायला जागाच नाही. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला.

खरा फंडा इथून पुढे आहे. गेममध्ये शत्रू पळायला लागला की आपला माऊस आपोआप घोडदळाकडे जातो. सोडायचं नाही कोणाला! महाराजांनी काय केलं? खंडणी घेतली, सामानसुमान ठेवून घेतलं आणि फौजेला जीवानिशी जाऊ दिलं. मोगलांवर नजर ठेवायला नेताजी पालकरांना मागे ठेवलं आणि स्वतः दक्षिण कोकणाकडे निघाले. दाभोळ, राजापूर, शृंगारपूर, सगळं त्याच वर्षी. कत्तलीत माणसं आणि वेळ घालवला असता, तर ही मोहीम एवढ्या झपाट्याने झाली असती?

खिंडीतल्या विजयस्तंभापाशी उभं राहून वर घाटाकडे बघा. नकाशावर न कळलेलं बरंच काही कळेल. येताना कर्जत स्टेशनवर वडापाव खा. आणि पुढच्या लढाईत शत्रू पळायला लागला, की एकदा तरी घोडदळ आवरून बघा. माणसं वाचतील, आणि पुढचा किल्ला घ्यायला तीच लागणार आहेत!