वांगावर लेसर: घाई नडते

एप्रिलात रत्नागिरीच्या बागांत झेल्याने हापूस उतरू लागला, की देठातून उडणाऱ्या चिकाला सगळेच जपतात. आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. त्यांचा रस कातडी भाजतो. गालावर थेंब उडाला तर जखम लवकर भरते, पण काळा डाग कित्येक महिने रेंगाळतो. मिरकरवाड्याच्या बंदरावर दिवसभर उन्हात बसणाऱ्यांच्या गालांवर दिसतात ते वांगाचे डाग मात्र वेगळे. ऊन, गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या, घराण्यातून आलेला वारसा, अशी त्यांची मुळं अनेक.

आरशात दोन्ही सारखेच दिसतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘लेसर करून टाक.’

लेसरशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत चमकला आणि १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला तो बारामतीत जन्मलेल्या, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी. हा लेसर त्वचेतलं पाणी तापवतो. मुरमांचे खड्डे भरायला तो कामी येतो. डागांवर सहसा वापरतात तो क्यू-स्विच्ड एनडी-याग. त्यामागचं तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलं: योग्य तरंगलांबीचा प्रकाश अतिशय थोडा वेळ सोडला, तर आजूबाजूची त्वचा न भाजता फक्त रंगकण फुटतात. इथे वेळ मोजायचा तो सेकंदाच्या अब्जांश भागांत. फुटलेले कण शरीरातल्याच पेशी हळूहळू उचलून नेतात.

डोळ्याभोवती जन्मापासून किंवा वयात येताना उमटणारा निळसर ‘ओटाचा डाग’ अशा लेसरने बऱ्याच बैठकांनंतर छान फिकट होतो. वांगाचं तसं नाही. तिथे रंग बनवणाऱ्या पेशीच चिडलेल्या असतात. कण फोडले तरी कारखाना चालूच. उष्णतेने तो कधी आणखी जोर धरतो, आणि गव्हाळ-सावळ्या कातडीवर डाग आधीपेक्षा गडद होतो. वारंवार लेसर मारल्याने पांढरे ठिपके पडल्याचीही उदाहरणं आहेत.

म्हणून जाणते त्वचारोगतज्ज्ञ सुरुवात सनस्क्रीनने करतात, तीही आयर्न ऑक्साइड असलेल्या रंगीत सनस्क्रीनने, कारण नुसता दिसणारा उजेडही वांग गडद करतो. मग मलमं. काहींना ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या. त्या मुळात रक्तस्राव थांबवणाऱ्या, त्यामुळे पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. लेसरची पाळी शेवटी, तीही कमी शक्तीवर. उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर तो मारणं धोक्याचं, त्यामुळे कोकणात मे महिन्यापेक्षा पावसाळा सोयीचा.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे: औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली; तरी ती हातोहात खपतात. अशा चेहऱ्यावर लेसरआधी डॉक्टरांना ती ट्यूब सोडवण्यातच काही महिने घालवावे लागतात.