निखळलेला खांदा, सैल कोपर: ओढू नका, चोळू नका

चाकूर तालुक्यात आरोग्य शिबिर घेतले की गुडघेदुखी आणि कंबरदुखीची रांग मोठी असते. खांदा आणि कोपर दाखवायला येणारे थोडे. पण त्या थोड्यांत तरुण जास्त असतात आणि बहुतेक जण फार उशिरा येतात. कुणी जयंतीच्या कबड्डी सामन्यात पकड करताना पडलेला असतो, कुणी सोयाबीनचे कट्टे उचलणारा हमाल असतो, तर कुणी उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरलेली बाई असते. सगळ्यांचे सांगणे एकच: "पहिल्यांदा निखळला तेव्हा गावातच बसवून घेतला. आता जरा हात वर केला की सटकतो."

हे का होते आणि ते कसे टाळायचे, ते या वेळी पाहू.

सांधा कशाने धरून ठेवलेला असतो?

दोन हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. डॉक्टर त्यांनाच लिगामेंट म्हणतात. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. त्यामुळेच आपला हात चहूबाजूंनी फिरतो, आणि त्यामुळेच शरीरातल्या मोठ्या सांध्यांत खांदा सर्वांत जास्त वेळा निखळतो. बशीच्या कडेला कुर्चेची एक गोल किनार असते. ती किनार, अस्थिबंध आणि भोवतीचे स्नायू मिळून चेंडू जागेवर धरतात. खांदा पुढच्या बाजूला निखळला की बहुतेक वेळा ही किनार पुढून फाटते. हाड जागेवर बसवले तरी फाटलेली किनार नीट चिकटेलच असे नाही. म्हणून पुढच्या वेळी कमी जोरातही खांदा सटकतो. विशीच्या आतल्या खेळणाऱ्या, कष्ट करणाऱ्या मुलांत पहिल्यांदा निखळलेला खांदा निम्म्याहून अधिक वेळा पुन्हा निखळतो. चाळिशीनंतर तो धोका कमी होतो, पण त्या वयात खांदा फिरवणारे स्नायुबंध फाटलेले असू शकतात. खांदा बसवल्यावरही हात वर जात नसेल तर "दुखतंय म्हणून जात नाही" असे समजून थांबू नका.

कोपर दाराच्या बिजागरीसारखे असते. त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक मजबूत बंध असतो. हात टेकून पडल्यावर कोपर निखळले की हे बंध तुटतात. काहींना पुढे महिनोन्‌महिने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना कोपर सरकल्यासारखे वाटते. हा वहिम नसतो, बाहेरचा बंध सैल राहिल्याची ती खूण असते.

लगेच काय करावे?

१. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत आधार द्या. ओढणी किंवा गमछ्याची झोळी करून गळ्यात बांधा.

२. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून घ्या. सूज आल्यावर ते निघत नाही.

३. मनगटाची नाडी लागते का, बोटे गार किंवा निळी पडली आहेत का, बोटे हलतात का, ते पाहा. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, पोलिसांच्या गणवेशावर बिल्ला असतो त्या जागी स्पर्श कळतो का, तेही विचारा. तिथे बधिरपणा असेल तर नस ताणली गेली असू शकते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

४. कपड्यात गुंडाळून बर्फ लावा. खायला-प्यायला देऊ नका, कारण सांधा बसवताना भुलीचे औषध द्यावे लागू शकते.

५. ग्रामीण रुग्णालयात न्या. नाडी लागत नसेल, बोटे पांढरी-निळी पडली असतील किंवा हाड बाहेर दिसत असेल तर एक मिनिटही न दवडता १०८ ला फोन करा.

ओढून बसवून घेण्यात काय धोका?

काखेत पाय देऊन हात ओढणे ही पद्धत फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर ती सांगितली जाते. अडचण अशी की ओढणाऱ्याला आतले हाड मोडले आहे की नाही, ते दिसत नाही. मोडलेले हाड ओढले तर नस किंवा रक्तवाहिनी कापली जाऊ शकते. म्हणून दवाखान्यात आधी एक्स-रे, मग भूल देऊन सांधा बसवणे आणि नंतर पुन्हा एक्स-रे असा क्रम असतो.

कोपराच्या बाबतीत तर चोळणे हीच मोठी चूक. जखमी कोपराला तेल लावून जोराने रगडले, जबरदस्तीने वाकवले, तर स्नायूत हाड धरू शकते. मग हात तोंडापर्यंत जात नाही आणि केसही विंचरता येत नाहीत. मार लागलेल्या कोपराला मालिश करू नका, एवढे एक वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत नक्की पोहोचवा.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शेतातल्या मोटारीचा शॉक बसला किंवा फिट आली तर खांदा पुढे नव्हे, मागे निखळू शकतो. तो वरून फारसा वेडावाकडा दिसत नाही आणि साध्या एक्स-रेत सुटूनही जातो. शॉकनंतर हात बाहेरच्या बाजूला वळतच नसेल तर डॉक्टरांना शॉकचे सांगा आणि बाजूने घेतलेला एक्स-रे लागेल का, ते विचारा.

लेकराचा हात धरून उचलू नका

एक ते चार वर्षांच्या लेकराला हाताला धरून झटक्याने ओढले, किंवा दोघांनी दोन हात धरून झोका दिला, तर कोपरातला गोल बंध हाडावरून सरकतो. लेकरू रडते, हात लोंबता ठेवते आणि वापरत नाही. सूज नसते. जाणकार डॉक्टर हे काही क्षणांत बसवतात आणि लेकरू थोड्या वेळात त्याच हाताने बिस्किट घेते. मात्र लेकरू पडले असेल किंवा कोपर सुजले असेल तर हाड मोडल्याची शक्यता असते. तिथे आधी एक्स-रेच. लेकराला उचलायचे ते काखेत हात घालून.

बसवल्यानंतरचे दिवस

खरी परीक्षा इथे आहे. खांदा साधारण दोन ते तीन आठवडे झोळीत ठेवतात. वयस्कर माणसाला त्याहून लवकर हालचाल सुरू करायला सांगतात, नाहीतर सांधा आखडतो. हाड न मोडता निखळलेले कोपर तर आठवडाभरातच डॉक्टरांच्या देखरेखीखाली हलवायला लागावे लागते. तीन आठवड्यांहून जास्त बांधून ठेवलेले कोपर कडक होते.

मग व्यायाम. भिंतीला तळहात टेकून हात न हलवता जोर लावणे, दोन्ही फरे मागे घेऊन पाच आकडे मोजेपर्यंत धरणे, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दाराला बांधून कोपर अंगाशी ठेवत हात आत-बाहेर ओढणे. हे सगळे फिजिओथेरपिस्टने दाखवल्यानंतरच करायचे. हात वर करून मागे नेणे, म्हणजे दगड भिरकावतानाची स्थिती, सुरुवातीला पूर्ण टाळायची. कबड्डी, गोळाफेक, पोते उचलणे साधारण तीन-चार महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर.

काहींचे सांधे जन्मापासूनच सैल असतात. त्यांचा अंगठा वाकवला की पुढच्या हाताला टेकतो. त्यांच्यासाठी पहिला उपचार स्नायू बळकट करणे हाच असतो. खांदा वारंवार निखळत असेल तर एमआरआय करून दुर्बिणीने किनार शिवण्याची शस्त्रक्रिया करतात. ब्रिटिश शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या दुखापतीचे वर्णन केले, म्हणून शस्त्रक्रियेलाही त्यांचेच नाव आहे.

विश्रांती कुणाला परवडते?

२३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध चेंडू अडवताना मुंबईच्या श्रेयस अय्यरचा डावा खांदा निखळला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, काही महिने व्यायाम झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकले. नीट उपचार आणि पुरेसा वेळ मिळाला तर खांदा परत येतो, हे त्यातून दिसते.

ऊसतोडीच्या कोयत्याला मात्र खाडा पडला की पैसे कापले जातात आणि मुकादमाची उचल अंगावर असते. हमालाचा रोज बुडतो. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा मेडिकलमध्ये बाद होऊ या भीतीने दुखणे लपवतो आणि त्याच खांद्याने ७.२६ किलोचा गोळा फेकत राहतो. चौथ्या दिवशी कामावर जाणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण मिळणारे हक्क तरी पदरात पाडून घेऊ या.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय आणि नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय आपल्या पल्ल्यात आहेत. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्यांनी बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे, आणि बाईसाठी त्याहून बरीच कमी.

प्रत्येक वस्तीतल्या दोन तरुण-तरुणींनी झोळी बांधायला आणि नाडी बघायला शिकून घ्यावे. विहारात एका रविवारी तासभर बसलो तरी हे जमते. पुढच्या जयंतीच्या सामन्यांत मैदानाच्या कडेला ते दोघे गमछा आणि बर्फ घेऊन उभे असावेत, एवढी तयारी या वर्षी करू या.