फिश टँकमध्ये अचानक गोगलगायी दिसतायत? औषध टाकण्याआधी हे वाचा

२०२२ च्या खरिपात लातूर जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. नांदेड-लातूरमधल्या घरांत फिश टँकच्या काचेवर दिसतात त्या गोगलगायी वेगळ्या, पाण्यातल्या. पण त्या येतात कुठून?

बहुतेकदा विकत आणलेल्या पाणवनस्पतींसोबत. पानांखाली जेलीसारखी पारदर्शक अंडी चिकटलेली असतात. यातल्या अनेक जाती उभयलिंगी असल्यामुळे एकीपासूनही फौज तयार होऊ शकते. ती पोसली जाते माशांनी न खाल्लेल्या खाद्यावर.

तांबं असलेलं औषध टाकलं तर गोगलगायी मरतात. पण त्या टँकमध्येच कुजल्या की पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासेही दगावू शकतात. त्यापेक्षा खाद्य कमी करा. रात्री काकडीची चकती टँकमध्ये सोडा आणि सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायींसह बाहेर काढा. नवी वनस्पती आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा.

काढलेल्या गोगलगायी नाल्यात किंवा नदीत मात्र सोडू नका. लातूर मांजरेचं पाणी पितं, नांदेड गोदावरीचं. मांजराही पुढे गोदावरीलाच मिळते. बाहेरची जात नदीत एकदा रुजली की तिला हटवणं जवळपास अशक्य असतं. म्हणून गोगलगायी आधी उकळत्या पाण्यात टाका, मगच ओल्या कचऱ्यात द्या.