गोन्साल्विस, अँथनी
(१२ जून १९२७–१८ जानेवारी २०१२). हिंदी चित्रपटसंगीतातील व्हायोलिनवादक, वाद्यवृंदसंयोजक व संगीतशिक्षक. जन्म गोव्यात सासष्टी तालुक्यातील माजोर्डा येथे. वडील चर्चमधील गायकवृंदाचे शिक्षक असल्याने व्हायोलिन व पाश्चात्त्य स्वरलिपी यांचे धडे त्यांना बालपणीच मिळाले. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरवाचनही शिकविले जाई. या विद्येच्या बळावर गोमंतकीय ख्रिस्ती वादकांच्या कित्येक पिढ्यांनी मुंबई-कलकत्त्याची हॉटेले व नृत्यगृहे यांत उपजीविका केली. १९४३ मध्ये गोन्साल्विस मुंबईस आले आणि संगीत दिग्दर्शक नौशाद यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. पुढे ते संयोजनही करू लागले.

त्या काळी संगीत दिग्दर्शक बहुधा हार्मोनियमवर चाल बांधी. गीतारंभीचे व कडव्यांमधील वाद्यसंगीत, गायकाच्या स्वराला साथ देणारी व्हायोलिने, चेलो व डबल बेस यांचा खर्जातील आधार हे सर्व कागदावर उतरविणे हे पुष्कळदा संयोजकाचे काम असे. गायक व वादक यांचे ध्वनिमुद्रण एकदमच होई. अखेरच्या कडव्यात एकाचा स्वर चुकला, तरी सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. साहजिकच कागद पाहताक्षणी बिनचूक वाजविणाऱ्या वादकास मोठी मागणी असे. मागणी होती, पण नाव नव्हते. ध्वनिमुद्रिकेवर चित्रपट, गायक व संगीत दिग्दर्शक यांचा उल्लेख असे, वादकांचा नसे. त्यामुळे कोणता तुकडा कोणी वाजविला, हे पुष्कळदा जुन्या वादकांच्या आठवणींवरूनच ठरवावे लागते. ही स्थिती केवळ मुंबईतच होती, असे नाही. शिकागो येथे असंख्य ब्लूज ध्वनिमुद्रणांत डबल बेस वाजविणारे रॅन्सम नोलिंग आर्थर क्रूडप यांच्या ‘दॅट्स ऑल राइट’ (१९४६) या गीतातही होते. तेच गीत १९५४ मध्ये गाऊन एल्व्हिस प्रेस्ली प्रसिद्धीस आले; नोलिंग अभ्यासकांपलीकडे अपरिचितच राहिले.

गोन्साल्विस यांची आकांक्षा मात्र चित्रपटापलीकडची होती. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी आपल्या सिंफनी वाद्यवृंदाचा कार्यक्रम सादर केला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. सारंग रागावर त्यांनी कंचेर्टो रचला. राग एकापुढे एक येणाऱ्या स्वरांतून उलगडतो, तर पाश्चात्त्य स्वरसंवादात अनेक स्वर एकाच वेळी उमटतात. आधारासाठी घेतलेला एखादा वर्ज्य स्वरही रागाचे रूप बिघडवू शकतो. तीन-चार मिनिटांच्या चित्रपटगीतात ही अडचण झाकून जाते, दीर्घ रचनेत ती उघडी पडते. गोन्साल्विस यांनी तिला सरळ हात घातला, हे त्यांचे वैशिष्ट्य. या उपक्रमास सातत्य लाभले नाही. १९६०–७० या दशकाच्या मध्यास ते अमेरिकेतील सिरॅक्यूझ विद्यापीठात गेले व कालांतराने माजोर्डा येथे परतले. चित्रपटसृष्टीत ते पुन्हा रमले नाहीत.

लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. या जोडीचे संगीत असलेल्या अमर अकबर अँथनी (१९७७) या चित्रपटातील नायकास व त्याच्या एका गीतास गुरूचे नाव देण्यात आले. गीत अफाट लोकप्रिय झाले. परंतु हे नाव एका खऱ्या वादकाचे आहे, याची बहुतेक श्रोत्यांना कल्पना नव्हती. चित्रपटसमीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्या जीवनावर अनुबोधपट तयार केला आहे. गोव्यातच त्यांचे निधन झाले.