यमू आणि बाया

काही पुस्तके वाचली न वाचली तरी त्यांची नावे घरोघर बोलली जातात. दूध उतू गेले, नळ वाहता राहिला, मुलाने दप्तर दारातच टाकले, की घरातली गृहिणी कपाळाला हात लावते आणि म्हणते, “सांगून सांगून थकले, पण लक्षात कोण घेतो?” ती एका कादंबरीचे नाव उच्चारत असते, हे तिच्या ध्यानात असतेच असे नाही. ज्या सवालाखाली हरि नारायण आपट्यांनी एका मुलीचे सारे आयुष्य मांडले, तो सवाल आज आपण दुधाच्या पातेल्यासाठी वापरतो!

१८९० च्या ऑक्टोबरात हरिभाऊंनी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ह्या साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८९३ साली पुस्तकरूपाने निघाली. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना हरिभाऊ ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणत. राजे, राक्षस आणि मायावी महाल यांना सरावलेल्या वाचकांच्या पुढ्यात त्यांनी एकदम माजघर आणून ठेवले. आणि त्या माजघराची हकीकत सांगायला कोणाला बसवले, तर यमू नावाच्या मुलीला.

यमू आपली गोष्ट स्वतः सांगते. भातुकलीचे दिवस, आजोबांचा दरारा, आईचे मुकाट्याने सोसणे, दादाची माया, मैत्रीण दुर्गीचे धिंडवडे, हे सारे तिच्या तोंडून आपण ऐकतो. तिचे नशीब एका बाबतीत थोर. रघुनाथरावांसारखा नवरा तिला मिळतो. तो तिला वाचायला शिकवतो, मुंबईला नेतो, माणसासारखे वागवतो. मुंबईतले ते दिवस वाचताना वाचकालाही मोकळा वारा लागतो. मग रघुनाथराव जातात. यमू सासरी परत येते आणि शंकरमामंजींच्या तावडीत सापडते. तिचे जबरदस्तीने केशवपन होते. त्या धक्क्यातून ती सावरत नाही. तिची कहाणी तिच्या मरणाबरोबर संपते.

ही कहाणी लिहिली जात होती तेव्हा बाहेर काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता दिली होती. १८६३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात फसलेल्या ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असे ठरवले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि पुण्यातले दोन पक्ष त्यावरून हातघाईला आले. म्हणजे लक्षात घेणारे कोणी नव्हतेच असे नाही. कायदा होता, वस्तरा खाली ठेवणारेही होते. घराचा उंबरठा मात्र कोणी ओलांडू देत नव्हते.

मी मुळशी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या विद्यार्थिनी पौडच्या आसपासच्या आणि धरणाकडच्या गावांतून एस. टी. ने येतात. यमूचे केशवपन वर्गात वाचून झाले की एरवी कुजबुजणारे मागचे बाकही गप्प होतात. एका वर्षी त्या शांततेतून एका मुलीने विचारले, “मॅडम, तिचा पाट का नाही लावला?”

हा प्रश्न पुण्याच्या वाड्यातल्या मुलीने विचारला नसता. मावळातल्या शेतकरी घरांतून विधवेचा पाट लावण्याची रीत होती. कोणी त्याला म्होतूर म्हणत. यमू ज्या वर्षांत वस्तऱ्याखाली मान घालत होती, त्याच वर्षांत पुण्याच्या पश्चिमेला, त्याच मुळेच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या जातीतली विधवा नवा संसार मांडू शकत होती. अर्थात ह्या रिवाजाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पाटाच्या बाईला मंगलकार्यात पहिल्या लग्नाच्या बाईचा मान नसे, आणि घराणे जरा वर आले की प्रतिष्ठेपायी पाट बंद होई. पण त्या मुलीच्या प्रश्नाने एक गोष्ट उघड झाली. हरिभाऊंच्या ‘आजकालच्या गोष्टी’ साऱ्या महाराष्ट्राच्या नव्हत्या. त्या काही वाड्यांच्या होत्या.

तिचा दुसरा प्रश्न याहून अवघड होता. “मग ती मेलीच का?”

‘त्या काळी असेच होत असे’ हे उत्तर सोपे आहे, पण पुरे नाही. यमू मरते, कारण कादंबरीला तिचे मरण हवे आहे. वाचकाचे मन हलवायचे तर यमूला जगवून भागत नव्हते. ती जगली असती, तर पुढे तिचे काय करायचे, हा प्रश्न लेखकापुढे उभा राहिला असता. तिचे पुन्हा लग्न लावावे, तर ‘करमणूक’ घेणारी घरेच बिथरायची. तिला सोवळी करून कोपऱ्यात बसवावे, तर यमूसारखी शिकलेली, बोलकी मुलगी तिथे बसणार कशी?

आपल्या कादंबरीत हा प्रश्न यापूर्वीही येऊन गेला होता. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. त्याही नायिकेचे नाव यमुनाच. ती नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते, आणि शेवटी स्वतःच विधवा होते. पदमनजी तिला ख्रिस्ती धर्मात नेतात आणि तिथे तिचा पुनर्विवाह होतो. म्हणजे पहिली यमुना जगते ती धर्म सोडून, आणि दुसरी धर्मात राहते ती मरून. नावाचा योगायोग सोडून द्या. पण ह्या दोन कादंबऱ्यांनी ब्राह्मण विधवेपुढे ठेवलेली दारे दोनच. एक घराबाहेरचे, दुसरे जगाबाहेरचे.

तिसरे दार कादंबरीत सापडत नाही. ते सापडते एका आत्मचरित्रात. १९४४ साली ‘माझे पुराण’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिका आनंदीबाई कर्वे, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी. घरची माणसे त्यांना ‘बाया’ म्हणत.

त्या मूळच्या देवरुखच्या गोदूबाई जोशी. आठव्या-नवव्या वर्षी लग्न, आणि तीन महिन्यांच्या आत वैधव्य. यमूला निदान रघुनाथराव भेटले होते. गोदूबाईंना नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत तो गेला. पुढची कित्येक वर्षे विधवेच्या वाट्याला येणाऱ्या कष्टांत गेली. मग भाऊ नरहरपंत त्यांना मुंबईला घेऊन आले. ११ मार्च १८८९ ह्या दिवशी पंडिता रमाबाईंनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आले, त्याबरोबर त्याही आल्या. नरहरपंतांचे स्नेही धोंडोपंत कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांची पहिली पत्नी राधाबाई त्याच वर्षी वारली होती. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदन उघडल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, पुण्यात त्यांचे गोदूबाईंशी लग्न झाले.

१८९३! यमूची गोष्ट पुस्तकरूपाने निघाली तेही हेच वर्ष. एकाच शहरात, एकाच वर्षी, एक विधवा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मेली आणि दुसरी कपाळाला कुंकू लावून संसाराला लागली. पुण्याने यमूसाठी डोळे पुसले. गोदूबाईंच्या लग्नाने मात्र गदारोळ उठला, आणि कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. मेलेल्या विधवेची दया येणे सोपे असते. जिवंत विधवा शेजारी बिऱ्हाड करून राहिली की आपल्या दयेची परीक्षा होते.

‘माझे पुराण’ हे काही हरिभाऊंना उत्तर म्हणून लिहिलेले नाही. तरी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, म्हणजे एकाने विचारलेले दुसरे सांगू लागते. दोन्हींत बाईच ‘मी’ म्हणून बोलते. पण यमूचा ‘मी’ एका पुरुषाने रचलेला आहे. फार मायेने रचला आहे, यात शंका नाही. काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिकेशी हरिभाऊंचा स्नेह होता, आणि बायकांचे जग त्यांनी कान देऊन ऐकले होते, हे पानोपानी जाणवते. तरी यमूची नजर वाचकाकडे असते. आपले दुःख त्याच्या काळजाला भिडावे, हे तिच्या बोलण्यामागचे सूत्र आहे.

बायांना काळजाला हात घालण्याची गरज वाटत नाही. त्यांचे सांगणे सरळ आणि घरगुती आहे. पुस्तकाचे नावच पाहा ना. लांबण लावणाऱ्याला आपण म्हणतो, “पुरे तुझे पुराण.” तोच शब्द बायांनी हसत हसत स्वतःच्या पुस्तकाला दिला. दुःख सांगून झाले की त्या थांबत नाहीत. बहिष्कार पडला तरी संध्याकाळी चूल पेटवायची असतेच. नवऱ्याने मिळकत समाजकार्याला वाहिली तरी वाण्याचे बिल द्यायचे असतेच. यमूच्या गोष्टीत वैधव्य हा शेवट आहे. बायांच्या पुस्तकात ती सुरुवात आहे.

कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या आणि १९२८ साली त्यांनी ‘माझी कहाणी’ लिहिली. एकाच घरातल्या दोन विधवा बहिणींनी आत्मचरित्रे लिहावीत, ही गोष्ट हरिभाऊंनी कादंबरीत घातली असती तर अतिशयोक्ती म्हणून लोक हसले असते!

मग बायांना आपण लक्षात घेतले का? माझ्या विद्यार्थिनींची एस. टी. पौड फाट्याला ज्या रस्त्याला मिळते, त्याचे नाव कर्वे रस्ता. अण्णासाहेब कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, आणि ते योग्यच झाले. बाया त्याआधीच, १९५० साली गेल्या होत्या. १९७२ साली वसंत कानेटकरांनी कर्व्यांच्या जीवनावर बेतलेले एक गाजलेले नाटक लिहिले. त्यातले नानासाहेब भानू आणि त्यांची बयो प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. नाटक बयोच्या बाजूने बोलते, तिच्या त्यागाचे मोल जाणते. पण त्याचे नाव ‘हिमालयाची सावली’! ज्या बाईने स्वतःचे पुराण स्वतः सांगितले, तिला पुन्हा आपण सावली केले. शाळकरी मुलाला विचारा, यमू कोण, तो पाठ्यपुस्तकाच्या आधाराने काहीतरी सांगेल. बाया कोण, असे विचारले तर तो म्हणेल, “बाया म्हणजे बायका.” आणि तेही खरेच आहे म्हणा.

कोणी म्हणेल, झाले गेले, आता केशवपन कुठे राहिले? वस्तरा गेला, हे खरे. पण ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला ठराव करावा लागला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसेच करण्याचे आवाहन केले. यमूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी! ठराव गावाने करायचा. हळदीकुंकवाला शेजारच्या विधवेला बोलवायचे की नाही, हे मात्र प्रत्येक घरात ठरते. तिथे कायद्याचा हात पोहोचत नाही. उंबरठा अजून तोच आहे.

म्हणून यमूच्या शेजारी बायांना बसवले पाहिजे. नुसती यमू वाचली तर आपण रडतो, आणि रडल्याने आपले कर्तव्य झाले असे वाटू लागते. नुसत्या बाया वाचल्या तर ह्या बाईला कुठल्या खाईतून वर यावे लागले, तिची खोली कळत नाही. सवाल आणि जबाब दोन्ही हवेत. ‘पण लक्षात कोण घेतो?’ हा सवाल हरिभाऊंनी केला तो समाजाला, म्हणजे मुख्यतः पुरुषांना. त्याचे उत्तर त्याच वर्षी, समाजाची वाट न पाहता, एका विधवेने आपल्या जगण्याने दिले: कोणी घेवो न घेवो, मी घेते.

दिवाळीच्या सुटीत फराळाच्या ताटाजवळ ही दोन पुस्तके ठेवून पाहावीत. घरात आजी असेल तर तिला विचारावे, तुमच्याकडे यमू कोण होती आणि बाया कोण. बहुतेक घरांत दोघीही निघतील. यमूची गोष्ट आजीला तपशिलासकट पाठ असेल. बायांचे नाव काढले, की ती क्षणभर थांबेल आणि म्हणेल, “ती होय? तिचे कोणी काही बोलत नसे.” तिथेच आजीला थांबू देऊ नये. पुढचे सांगायला लावावे.