जुन्या दुचाकीचा सौदा

गुढीपाडवा आणि दसरा हे नव्या वाहनांचे मुहूर्त खरे. परंतु त्यांच्या मागोमाग येणारे पंधरवडे हे जुन्या वाहनांचे मुहूर्त होत. कारण नवी गाडी दारात येऊन तिला झेंडूचा हार घातला गेला, की जिन्याखाली उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकलचे काय करावयाचे हा प्रश्न घरात उपस्थित होतो, आणि मग सोसायटीच्या फलकावर, किराणा दुकानाच्या काचेवर किंवा परिचितांच्या बोलण्यात ‘एकहाती, कंडिशन उत्तम, कागदपत्रे क्लिअर’ अशी बिरुदे धारण करून ती प्रकट होते. पहिल्या दोन बिरुदांनी गिऱ्हाईक मोहून जाते व तिसऱ्याकडे सर्वांत शेवटी वळते. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा असावयास हवा. कारण यंत्रातला दोष मेकॅनिककडे पैसे टाकून निघतो, मालकीतला दोष तसा निघेलच याची शाश्वती नाही.

दलालाला टाळून थेट मालकाकडून गाडी घेण्यात दोन पैसे वाचतात हे उघड आहे. परंतु त्या बचतीबरोबर एक जबाबदारीही गिऱ्हाइकाच्या पदरात पडते. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम असे सांगते, की विकलेल्या वस्तूच्या प्रतीबद्दल विक्रेत्याची गर्भित हमी काही अपवाद वगळता मानली जाणार नाही. आणि हे अपवाद मुख्यतः त्याच मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्यासाठी असल्यामुळे, आयुष्यात एकदाच आपली गाडी विकणाऱ्या सद्‌गृहस्थाला ते सहसा लागू पडत नाहीत. त्याने धडधडीत खोटे सांगून फसविले तर गोष्ट वेगळी. पण ज्याविषयी तुम्ही विचारले नाही आणि तो बोलला नाही, ते सारे तुमच्या खात्यावर जमा. सबब, प्रश्न विचारावेत, आणि ते ज्यांच्या उत्तरांची रुजुवात करता येईल असे असावेत. ‘गाडीला काही काम आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर उभ्या महाराष्ट्रात एकच मिळते. ‘शेवटचे ऑईल केव्हा बदलले, आणि कोणत्या मेकॅनिककडे?’ याचे मात्र एक तर तपशीलवार मिळते, नाही तर मिळतच नाही.

कागदपत्रांत अग्रपूजेचा मान नोंदणी प्रमाणपत्राचा, म्हणजे आरसीचा. त्यावरील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. बहुतेक मोटारसायकलींचा चेसिस क्रमांक हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. चिखल पुसून, मोबाईलचा दिवा तिरका धरून तो वाचावा, आणि त्या जागी रंगाचा थर जाड दिसला, कानस फिरल्याच्या रेघा दिसल्या किंवा एखादा आकडा ओळीबाहेर उभा असला, तर किमतीची बोलणी न करता निरोप घ्यावा. विक्रेत्याचे नाव आरसीवर आहे ना, हेही पाहावे. ‘गाडी मेव्हण्याच्या नावावर आहे, पण वापरतो मीच’ हे वाक्य शेतजमिनीच्या बाबतीत कोणी ऐकविले तर आपण सातबारा मागून घेतल्याशिवाय पुढे बोलणार नाही. वहिवाट एकाची आणि नाव दुसऱ्याचे असलेल्या दुचाकीपाशी मात्र आपण चहा घेऊन पैसे मोजतो. मूळ मालक वारला असेल, तर वारसाने आधी नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि मगच विकावी. कर्ज काढून घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असतो. हप्ते फिटले म्हणून तो आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल व्हावे लागतात.

यानंतरचा विधी नाव बदलण्याचा. मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमानुसार, गाडी त्याच राज्यात विकली गेली असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. नमुना २९ व नमुना ३० हे त्याचे दस्तऐवज. व्यवहारात मात्र होते असे, की विक्रेता कोऱ्या ‘एकोणतीस-तीस’वर सह्या करून देतो, खरेदीदार ते कागद कपाटात ठेवतो, वर्षभराने तीच गाडी त्याच कागदांसह तिसऱ्याला विकतो, आणि मूळ मालक सुखाने झोपतो. त्याने तसे झोपू नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणातली मोटार अशीच एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली होती, आणि तिच्या अपघातात माणूस दगावल्यावर भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या वेळी गाडीचा ताबा असलेल्यावर न टाकता, नोंदवहीत ज्याचे नाव उरले होते त्या मूळ मालकावर टाकली. हा निकाल जितका विक्रेत्याने लक्षात ठेवावयाचा, तितकाच खरेदीदारानेही. कारण नाव बदलून घेण्याची घाई दोघांनाही असेल, तरच ते काम लवकर होते. तोपर्यंत किमतीतला काही भाग राखून ठेवावा, आणि ही अट इसार देण्यापूर्वीच बोलून घ्यावी.

सीमेवरच्या वाचकांसाठी एक उपकलम. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी या बाजूला गोव्याच्या क्रमांकाच्या गाड्या स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. परंतु गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, पोलिसांकडील नोंदींची पडताळणी, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. या सगळ्याची बेरीज केल्यावर ती स्वस्ताई पुष्कळदा शिल्लक राहत नाही. थकलेले ई-चलान मात्र घरबसल्या पाहता येते; ते पाहावे आणि विक्रेत्याकडूनच भरून घ्यावे.

आता यंत्राकडे वळू. गाडी पाहावयास शक्यतो सकाळी जावे, आणि ‘सुरू करून ठेवू नका’ असे आदल्या दिवशीच सांगावे. पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे इंजिनाजवळ तळहात नेणे. ते कोमट लागले तर ‘काका, एवढ्यात फिरवलीत का?’ असे हसतमुखाने विचारावे. ‘नाही रे, धूळ बसली होती, म्हणून जरा सुरू करून पाहिली’ या उत्तरात धुळीचा आणि इंजिनाचा काय संबंध, हे काकांनाही सांगता येत नाही. थंड इंजिनच आपली कैफियत खरी सांगते: किक किती वेळा मारावी लागते, सुरू होताच टायमिंग चेन खडखडते का, आणि सायलेन्सरमागे धरलेल्या पांढऱ्या रुमालावर काय उमटते. थंडीच्या सकाळी निघणारी पांढुरकी वाफ निरुपद्रवी असते व क्षणात विरते. फोरस्ट्रोक गाडीचा निळसर, तेलकट वासाचा धूर जर थ्रॉटल सोडून पुन्हा देताच उसळत असेल, तर ऑईल जळत आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले आहेत, आणि मेकॅनिक ज्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात ते काम जवळ आले आहे. जुन्या टूस्ट्रोक गाड्या पेट्रोलबरोबर ऑईल जाळतच धावतात. त्यामुळे १९९६ साली उत्पादन थांबलेल्या यामाहा आरएक्स १०० ला हा नियम लावून नाक मुरडू नये. तिच्यासाठी मोजली जाणारी किंमत तशीही तर्काच्या पलीकडची असते.

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात आणखी एक तपासणी अनिवार्य झाली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या असंख्य दुचाकीही त्या पाण्यात उभ्या होत्या. अशी गाडी धुऊन, पॉलिश करून, शेजारच्या जिल्ह्यात विकावयास ठेवली तर वरून काहीच कळत नाही. म्हणून सीट काढावी. सीटखालच्या पत्र्याच्या कोपऱ्यात, बॅटरीच्या खणात, हेडलाइटच्या वाटीत पुराचा बारीक, पिठासारखा गाळ वाळून बसलेला असतो, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी आलेली असते आणि मीटरच्या काचेला आतून धुके धरते. धुण्याच्या पाइपाने हा गाळ निघत नाही. बोट फिरविले की कळते.

मीटरवरचा आकडा हा साक्षीपुरावा म्हणून दुय्यम मानावा. केबल काढून ठेवली की जुने मीटर थांबते, आणि मागे फिरविणारे कारागीरही आहेत. परंतु ब्रेकच्या पायपट्टीचे आणि फूटरेस्टचे रबर कोणी मागे फिरवीत नाही. मीटर अठरा हजार किलोमीटर सांगत असेल आणि फूटरेस्टचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०२१ च्या गाडीवर २०२४ चे टायर दिसले, तर जुने टायर किती किलोमीटरला संपले असतील याचा हिशेब मनात करावा. चालवून पाहताना वेग वाढतो तसा गाडीचा ओघ एका बाजूला जातो का, ब्रेक दाबताच हँडलमध्ये ठोका बसतो का, एवढे पाहिले तरी वाकलेला फोर्क आणि सैल कोनसेट हे दोन्ही लक्षात येतात. बाकीचे बरोबर नेलेल्या मेकॅनिकवर सोपवावे, मात्र त्याची मजुरी आपण द्यावी.

भाव ठरविताना विम्यातील घोषित मूल्याचा आधार घेता येतो: कंपनीच्या किमतीतून दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरण्याची ती पद्धत आहे. बाजार ती तंतोतंत पाळत नाही, आणि स्प्लेंडरसारख्या गाड्या तर मुळीच पाळत नाहीत. पण बोलणी कुठून सुरू करावी हे त्यावरून ठरते. पैसे बँकेमार्फत द्यावेत, आणि ताबा घेतल्याची पावती तारीख व घड्याळाच्या वेळेसह दोघांनी करून एकेक प्रत ठेवावी. त्या संध्याकाळी चौकात सिग्नल तोडला गेला, तर तो कोणी तोडला हे त्या पावतीवरून ठरेल. दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात. विम्याचे मात्र दोन भाग पडतात: तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे चालत येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण विमा कंपनीने नाव बदलून दिल्यावरच लागू होते, म्हणून तिच्याकडे १४ दिवसांत अर्ज करावा. नो क्लेम बोनस हा गाडीचा नसून माणसाचा असतो; तो विक्रेता आपल्या नव्या गाडीबरोबर घेऊन जातो, आणि हप्त्यातली तेवढी तफावत नव्या मालकाने भरावयाची असते.